पांढऱ्या पेशींची परीक्षा



एकदां देवी येऊन गेलेल्या माणसाला त्या पुन्हां येत नाहींत, हें आपल्याकडील आजीबाईंना कोणताहि ग्रंथ न वाचतां ठाऊक होतें. घरांत कोणाला देवी आल्या, तर ज्याच्या तोंडावर जुने वण आहेत त्यानें रोग्याच्या उशाशीं बसावयास भिण्याचें कारण नसे. देवीचा रोग पृथ्वीवरून नाहींसा झाल्याचें १९८० सालीं जाहीर झालें, आणि आतां ते वण वयस्क मंडळींच्याच चेहऱ्यावर पाहावयास सांपडतात. परंतु त्या अनुभवाच्या पोटांत जो प्रश्न होता, तो देवींबरोबर गेला नाहीं. शरीराला एखादा रोग ओळखतां येतो आणि ओळखलेला रोग तें वर्षानुवर्षें विसरत नाहीं, हें घडतें कसें? त्याहून अवघड प्रश्न असा कीं, जो जंतु त्या शरीरानें, किंबहुना त्याच्या बापजाद्यांनींहि, कधीं पाहिलेला नाहीं, त्याला ओळखणारें कोणी शरीरांत आधींच हजर कसें असतें? प्रयोगशाळेंत बनविलेला, सृष्टींत पूर्वीं कधींच नसलेला एखादा पदार्थ योग्य रीतीनें प्राण्याला टोंचला, तरी त्याला नेमकें चिकटणारें द्रव्य कांहीं दिवसांत त्याच्या रक्तांत दिसूं लागतें. कुलूप घडण्यापूर्वींच किल्ली तयार असावी, तसा हा प्रकार आहे.

ही ओळख ज्यांच्याकडे सोंपविलेली आहे, त्या पेशींना लिंफोसाइट म्हणतात. मराठींत त्यांना लसीका-पेशी असेंहि नांव आहे. प्रौढ माणसाच्या रक्तांतील पांढऱ्या पेशींपैकीं शेंकडा वीस ते चाळीस पेशी या जातीच्या असतात. सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं त्या सगळ्या एकसारख्या दिसतात: लहान, वाटोळ्या, आणि जवळ जवळ सारी पेशी व्यापून टाकणारा एक गडद केंद्रगोल. त्यांची मुद्राच अशी कीं तिच्यावरून त्यांच्या कर्तृत्वाचा कांहीं अंदाज येऊं नये. वस्तुतः त्यांच्यांत दोन प्रमुख घराणीं आहेत. त्यांना बी आणि टी अशीं इंग्रजी अक्षरांचीं नांवें मिळालीं आहेत. बी-पेशी प्रतिपिंड नांवाचें प्रथिन तयार करतात. तें रक्तांतून फिरतें आणि जंतूला किंवा त्याच्या विषाला जाऊन चिकटतें. टी-पेशी जातीनें कामावर जातात. त्यांतील कांहीं, विषाणूंनीं बाधलेल्या पेशींना ठार करतात. कांहीं, बी-पेशींना व इतरांना कामाला लावतात. आणि कांहींचें काम, चाललेलें भांडण हाताबाहेर जाऊं न देणें हें असतें. प्रौढपणीं दोन्ही घराण्यांचें मूळ एकाच ठिकाणीं, हाडांच्या पोकळींतील मज्जेंत, असतें. पुढें मात्र त्यांच्या पाठशाळा वेगळ्या होतात. या पाठशाळांविषयीं मला आज बोलावयाचें आहे. तेथें शिक्षण थोडें आणि परीक्षा फार, असा मामला आहे, आणि ती परीक्षा इतकी कडक कीं आपल्या विद्यापीठांच्या परीक्षा तिच्यापुढें पोरखेळ ठराव्या.

आधीं या पेशींच्या हातीं ओळखीचें साधन कसें येतें तें पाहूं. प्रत्येक लिंफोसाइटच्या अंगावर एकाच घाटाच्या हजारों सूक्ष्म पकडी असतात. त्या पकडींत जो पदार्थ बसेल, तोच त्या पेशीला ओळखतां येतो. शेजारच्या पेशीच्या पकडीचा घाट निराळा. असे कोट्यवधि घाट शरीरांत असावे लागतात. आतां अडचण अशी कीं, पकडी हीं प्रथिनें आहेत, प्रथिनाचा नमुना जनुकांत लिहिलेला असतो, आणि माणसाजवळ प्रथिनांचीं जनुकें सुमारें वीस हजार आहेत. वीस हजारांच्या भांडवलावर कोट्यवधींचा व्यापार कसा चालावा?

हें कोडें सुसुमु टोनेगावा या जपानी शास्त्रज्ञानें स्वित्झर्लंडमधील बाझल येथें काम करीत असतांना सोडविलें. १९७६ सालीं त्यानें व त्याच्या सहकाऱ्यानें उंदराच्या गर्भांतील जनुकद्रव्य आणि प्रतिपिंड बनविणाऱ्या पेशींतील जनुकद्रव्य शेजारीं शेजारीं ठेवून तपासलें. गर्भांत जे तुकडे एकमेकांपासून दूर होते, ते प्रतिपिंड बनविणाऱ्या पेशींत जवळ आलेले आढळले. म्हणजे लिंफोसाइट वाढीला लागतांना स्वतःचा जन्मजात मजकूर कापते आणि नव्यानें जुळविते! शरीरांतील प्रत्येक पेशींत वारशाचा मजकूर जसाच्या तसा राहतो, या समजुतीला हा मोठाच धक्का होता. टोनेगावा याला १९८७ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें.

ज्यांनीं जुन्या पद्धतीचा छापखाना पाहिला असेल, त्यांना ही गोष्ट चटकन समजेल. जुळाऱ्यापुढें खिळ्यांची पेटी असते आणि तिच्या खणांतून एक एक खिळा उचलून तो शब्द जुळवितो. माणसाच्या प्रतिपिंडाच्या मोठ्या सांखळीकरितां असे तीन खण आहेत: पहिल्यांत उपयोगी पडणारे सुमारें चाळीस तुकडे, दुसऱ्यांत तेवीसच्या आसपास, तिसऱ्यांत सहा. प्रत्येक खणांतून एक तुकडा उचलावयाचा, मधले कापून टाकावयाचे. एवढ्यानेंच साडेपांच हजार प्रकार झाले. लहान सांखळीचे याच रीतीनें सुमारें तीनशें होतात. कोणतीहि मोठी सांखळी कोणत्याहि लहान सांखळीशीं जोडली जाऊं शकते असें धरलें, तर गुणाकार सोळा-सतरा लाखांवर जातो. शिवाय तुकडे जोडतांना सांध्यावर कांहीं अक्षरें गळतात व कांहीं नवीन, कोठल्याहि मूळ प्रतींत नसलेलीं, घुसडलीं जातात. मग प्रकारांची मोजदाद करण्यांत अर्थच उरत नाहीं. टी-पेशींच्या पकडीहि याच युक्तीनें जुळतात.

मात्र हा जुळारी आंधळा आहे. आपण काय जुळवितों याची त्याला दाद नसते. जनुकांतील अक्षरें तिनांच्या गटानें वाचलीं जातात, त्यामुळें सांध्यावर एखादें अक्षर कमी-अधिक झालें कीं पुढील सगळी ओळ निरर्थक होते. आणि तिनांतून दोन वेळां तसेंच होतें. पेशीजवळ मजकुराच्या दोन प्रती असतात, एक आईकडील आणि एक बापाकडील. पहिल्या प्रतीचा विचका झाला तर ती दुसरी घेऊन बसते. तीहि बिघडली, तर त्या पेशीचें आयुष्य तेथेंच संपतें.

पण अर्थहीन शब्दांपेक्षां अर्थपूर्ण शब्दांची धास्ती मोठी आहे. डोळे मिटून लाखों शब्द जुळविल्यावर त्यांत घरच्याच माणसांवर उलटणारे शब्द निघणार नाहींत, याची हमी कोण देणार? कोणत्या तरी पेशीची पकड देवीच्या विषाणूवर बसेल, तशी दुसऱ्या एखादीची स्वतःच्या मूत्रपिंडावर, सांध्यांवर, किंवा इन्शुलिन बनविणाऱ्या पेशींवरहि बसेल. ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न येथील फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यानें १९५७ सालीं आपली उपपत्ति मांडली ती अशी कीं, एका पेशीजवळ एकच पकड असते, शत्रु आला म्हणजे त्याला जुळणारी पेशी तेवढी वाढीस लागते, आणि स्वकीयांवर उलटणाऱ्या पेशी लहानपणींच नष्ट केल्या जातात. हा नाश कोठें व कसा होतो, हें त्या वेळीं कोणालाच दाखवितां आलें नव्हतें.

बी-पेशींची परीक्षा मज्जेंतच होते. मोठी सांखळी आधीं जुळते. ती नीट वठली कीं नाहीं हें एका तात्पुरत्या जोडीदाराबरोबर बसवून पाहिलें जातें. मग लहान सांखळी. पकड पुरी झाली कीं सभोंवतालच्या स्वकीय पदार्थांशीं गांठ घातली जाते. त्यांतील एखाद्यावर ती घट्ट बसली, तर पेशीला लहान सांखळी पुन्हां जुळविण्याची एक सवलत मिळते. ती सवलतहि फुकट गेली तर मरण. उत्तीर्ण झालेल्या पेशी प्लीहेंत जाऊन पक्व होतात. टी-पेशींची कथा अधिक चमत्कारिक आहे, आणि तिच्यांत माणसाच्या अज्ञानाचाहि एक अध्याय आहे.

छातीच्या मधल्या हाडामागें, हृदयाच्या किंचित् वर, थायमस नांवाची दोन पाळ्यांची मऊ ग्रंथि असते. लहानपणीं ती शरीराच्या मानानें मोठी असते आणि वयांत आल्यावर तिच्यांतील काम करणारा भाग ओसरूं लागून त्याची जागा चरबी घेते. म्हणून मराठींत तिला यौवनलोपी ग्रंथि म्हणतात. नांव फार अन्वर्थक आहे. शेंकडों वर्षें शरीरशास्त्रज्ञांना तिचा उपयोग कळला नाहीं. त्यांच्यापुढें येत ते देह बहुतेक गरिबांचे, दीर्घ आजारानें खंगून मेलेल्यांचे असत. आणि आजारांत ही ग्रंथि झपाट्यानें आकसते. ती आकसलेली ग्रंथि हीच स्वाभाविक, असें ठरून गेलें. पुढें एखादें निरोगी तान्हें मूल अचानक दगावलें व शवपरीक्षेंत त्याची ग्रंथि मोठी दिसली, म्हणजे ‘हिनेंच श्वासनलिका दाबली’ असा निवाडा होऊं लागला. त्या कल्पित रोगाला भारदस्त लॅटिन नांवहि मिळालें. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धांत, विशेषतः अमेरिकेंत, हजारों धडधाकट अर्भकांच्या छातीवर ती ग्रंथि लहान व्हावी म्हणून क्ष-किरणांचा मारा करण्यांत आला. त्यांपैकीं कित्येकांना पुढें गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीचा कर्करोग झाला, ही गोष्ट १९५० च्या सुमारास ध्यानांत येऊं लागली. गरिबांच्या खंगलेल्या देहाचें माप निरोगी बालकांना लावल्याचा हा परिणाम होता, असें मला वाटतें. आणि वैद्यकाच्या इतिहासांत याहून केविलवाणें प्रकरण मला तरी चटकन आठवत नाहीं.

थायमसचें खरें काम १९६१ सालीं लंडन येथें जाक मिलर या तरुण संशोधकानें दाखविलें. तो उंदरांतील रक्ताच्या कर्करोगाचा अभ्यास करीत होता व त्यासाठीं त्याला नुकत्याच जन्मलेल्या पिलांची थायमस काढावी लागे. मोठ्या उंदराची ग्रंथि काढली तर कांहीं बिघडत नाहीं असें दिसे. परंतु जन्मल्याबरोबर जिची ग्रंथि काढली ती पिलें कांहीं आठवड्यांनीं रोडावत आणि साध्या साध्या जंतुदोषांनीं मरत. त्यांच्या रक्तांत लिंफोसाइट फार थोड्या होत्या. त्यांच्या अंगावर दुसऱ्या जातीच्या उंदराच्या कातडीचें कलम केलें, तर तें गळून न पडतां रुजलें, त्यावर केंसहि उगवले. परका आणि आपला हा भेदच त्या शरीराला उरला नव्हता. मिलरचें म्हणणें मोठमोठ्या विद्वानांना लगेच पटलें नाहीं. लिंफोसाइटांनीं गच्च भरलेली ती ग्रंथि म्हणजे त्या पेशींची स्मशानभूमि, असा पुष्कळांचा समज होता.

आणि एका अर्थानें तो खरा होता! मज्जेंतून निघालेले कोंवळे उमेदवार रक्तांतून थायमसमध्यें येतात आणि तेथें आपली पकड जुळवितात. ही पकड उघड्या शत्रूला धरीत नाहीं. शरीरांतील पेशी आपल्या आंतील प्रथिनांचे लहान लहान तुकडे एका तबकासारख्या रेणूवर ठेवून बाहेर दाखवीत असतात. तें तबक व त्यावरील तुकडा मिळून टी-पेशीला वाचावयाचा असतो. तबकाचा घाट माणसागणिक निराळा. म्हणून पहिला प्रश्न असा: घरचें तबक तुला ओळखूं येतें काय? ज्या उमेदवारांना तें मुळींच ओळखतां येत नाहीं, त्यांना कोणी मारीत नाहीं. त्यांच्याकडे कोणी पाहत नाहीं, एवढेंच. जगण्याचा इषारा न मिळाल्यामुळें तीन-चार दिवसांत त्या आपोआप मरतात. अनुत्तीर्णांत यांचाच भरणा अधिक.

दुसरा प्रश्न याच्या उलट असतो: घरच्या तबकावरील घरचाच तुकडा तूं फार घट्ट तर धरीत नाहींस? येथें एक शंका आपणांला सुचली असेल. इन्शुलिन बनतें स्वादुपिंडांत आणि ही परीक्षा चालते छातींत. तर दूरच्या अवयवांचीं प्रथिनें येथें कशीं यावीं? उत्तर विलक्षण आहे. थायमसच्या गाभ्यांतील कांहीं पेशी, ज्यांच्याशीं त्यांचा स्वतःचा कांहीं संबंध नाहीं अशीं हजारों प्रथिनें, इन्शुलिनसुद्धां, थोडीं थोडीं बनवितात आणि तबकावर मांडतात. साऱ्या शरीराचें जणूं एक प्रदर्शनच तेथें भरलेलें असतें. हें प्रदर्शन भरविण्यांत आयर या जनुकाचा मुख्य हात आहे. तें जनुक १९९७ सालीं सांपडलें, आणि सांपडलें तें एका दुर्मिळ आनुवंशिक रोगाच्या शोधांत. ज्यांचें हें जनुक बिघडलेलें असतें, त्या मुलांच्या लिंफोसाइट स्वतःच्याच ग्रंथींवर एकामागून एक हल्ला करतात.

जी पेशी स्वकीयांना घट्ट धरते, तिला बहुधा मृत्युदंड होतो. दोन्ही प्रश्नांतून सुटून थायमसबाहेर पडणाऱ्या पेशी शंभरांत दोन ते पांच. उरलेल्यांचीं प्रेतें तेथल्याच भक्षक पेशी मुकाट्यानें गिळून टाकतात.

मीं ‘बहुधा’ म्हटलें. स्वकीयांना जरा जास्त जोरानें धरणाऱ्या कांहीं पेशी मारल्या न जातां पहारेकरी म्हणून नेमल्या जातात. परीक्षेंतून निसटलेल्या भांडखोरांना बाहेर आवरणें हें त्यांचें काम. उंदराच्या पिलाची थायमस जन्मतांच न काढतां तिसऱ्या दिवशीं काढली, तर तें स्वतःच्याच अवयवांवर उलटतें, हें जुन्या प्रयोगांत दिसलें होतें. तो धागा धरून जपानच्या शिमोन साकागुची यांनीं १९९५ सालीं या पेशी ओळखून दाखविल्या. अमेरिकेंतील मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांनीं २००१ सालीं फॉक्स-पी-३ हें जनुक शोधलें. पहारेकऱ्यांची घडण त्याच्यावर अवलंबून असल्याचें त्यानंतर लवकरच सिद्ध झालें. या तिघांना २०२५ सालचें नोबेल पारितोषिक देण्यांत आलें.

बी-पेशींना त्यांचें नांव कसें मिळालें हें सांगावयाचें राहिलें. तो मान कोंबडीचा आहे. कोंबडीच्या आंतड्याच्या शेवटीं एक लहान थैली असते; पादुआच्या फॅब्रिशियसच्या नांवानें ती ओळखली जाते. अमेरिकेंत ओहायो येथें ब्रूस ग्लिक या विद्यार्थ्यानें तिचा उपयोग शोधण्यासाठीं पिलांच्या थैल्या काढल्या. पिलें मजेंत वाढलीं. पुढें त्याच्या एका सोबत्याला, वर्गांत प्रतिपिंडांचें प्रात्यक्षिक दाखविण्याकरितां कोंबड्या हव्या होत्या. त्यानें ग्लिकच्याच कोंबड्या नेल्या, त्यांना जंतु टोंचले, आणि प्रात्यक्षिक साफ फसलें, कारण प्रतिपिंडें झालींच नाहींत! हा शोध १९५६ सालीं कुक्कुटपालनाच्या एका नियतकालिकांत छापून आला, आणि अर्थातच ज्यांनीं वाचावयाचा त्यांनीं तो वाचला नाहीं. १९६५ सालीं मिनेसोटांत मॅक्स कूपर व रॉबर्ट गुड यांनीं थैली आणि थायमस यांचीं कामें वेगळीं असल्याचें दाखविलें. थैलीच्या इंग्रजी नांवाचें पहिलें अक्षर बी, थायमसचें टी. माणसाला ती थैली नसते. तिचें काम गर्भांत यकृत आणि मज्जा, व पुढें मज्जाच करते.

या दोन पाठशाळांपैकीं एखादी बंद राहिली तर काय होतें, हें कांहीं दुर्दैवी मुलांमुळें समजलें आहे. १९५२ सालीं अमेरिकन सैन्यांतील डॉक्टर ऑग्डन ब्रूटन यांनीं आठ वर्षांच्या एका मुलाचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्याला जंतुदोषाचे ताप पुन्हां पुन्हां येत, आणि त्याच्या रक्तांत प्रतिपिंडांचा अंश जवळ जवळ नव्हताच. त्याला बाहेरून प्रतिपिंडें टोंचतां आलीं व त्यानें गुण आला. याच्या उलट, जीं मुलें थायमसवांचून जन्मतात त्यांची स्थिति फार कठीण. साध्या बुरशीपासूनहि त्यांच्या जीवाला धोका असतो, आणि त्यांच्या बी-पेशी असूनहि नसल्यासारख्या होतात, कारण टी-पेशींच्या अनुमतीवांचून बी-पेशींचीं बरींचशीं कामें अडतात.

ही अनुमति कशी मिळते तें घरोघरच्या अनुभवांतलें आहे. पायाला जखम झाली कीं जांघेंत अवधाण येतें. त्या सुजलेल्या गांठीमध्यें त्या वेळीं बी-पेशींची दुसरी परीक्षा चाललेली असते. शत्रु ओळखलेल्या पेशी भराभर वाढतात आणि आपल्या पकडीच्या मजकुरांत मुद्दाम बारीकसारीक फेरफार करतात. ज्यांची पकड सुधारेल त्यांना टी-पेशींचा पाठिंबा मिळतो. ज्यांची बिघडेल त्या मरतात. विजयी पेशींपैकीं कांहीं प्रतिपिंडें बनविण्यास लागतात, कांहीं आठवण म्हणून मागें राहतात. लस टोंचल्यावर हेंच घडतें, आणि एकीच्या जागीं दोन-तीन मात्रा देण्याचें एक कारणहि हेंच. तान्ह्या मुलाला आईचीं प्रतिपिंडें गर्भांतच मिळालेलीं असतात, पण ती शिदोरी कांहीं महिन्यांत सरते. ती शिल्लक असतांना गोंवराची लस टोंचली तर आईचीं प्रतिपिंडेंच तिला निष्प्रभ करण्याचा संभव असतो. म्हणून आपल्याकडे ती नवव्या महिन्यापासून देतात. आयांनीं ही तारीख लांबणीवर टाकूं नये.

थायमस वयांत आल्यावर ओसरते, म्हणून प्रौढाला तिचा उपयोग नाहीं असें अगदीं अलीकडेपर्यंत समजत; छातीच्या शस्त्रक्रियेंत ती आड आली तर काढून टाकीत. २०२३ सालीं बोस्टन येथील डॉक्टरांनीं अशा प्रौढ रोग्यांचा हिशेब प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेनंतर पांच वर्षांत, ग्रंथि काढलेल्यांपैकीं शेंकडा ८.१ मरण पावले. तशीच छातीची शस्त्रक्रिया झालेल्या पण ग्रंथि राखलेल्या तुल्य रोग्यांत हें प्रमाण २.८ होतें. कर्करोगाचें प्रमाणहि जवळ जवळ दुप्पट निघालें. अशा मागाहून केलेल्या तुलनेवर पूर्ण भिस्त ठेवतां येत नाहीं हें खरें. तरीपण जी वस्तु टाकाऊ म्हणून दोनदां चुकीची ठरली, तिच्याबाबत तिसऱ्यांदां सावध राहिलेलें बरें.

तान्ह्या मुलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करतांना वाट मोकळी करण्यासाठीं थायमसचा भाग आजहि काढावा लागतो. अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत तो टाकून न देतां त्याच्या पातळ चकत्या कांहीं दिवस पोषक द्रवांत ठेवूं लागले, आणि थायमसवांचून जन्मलेल्या मुलांच्या मांडीच्या स्नायूंत त्या बसवूं लागले. या उपचाराला तेथील सरकारची मान्यता २०२१ सालीं मिळाली. मुलाच्या स्वतःच्या मज्जेंतील कोंवळ्या पेशी मग मांडींतल्या त्या परक्या पाठशाळेंत जातात, आणि तेथून तयार होऊन बाहेर पडतात. पहिल्या पुरेशा पेशी रक्तांत दिसावयास सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत अवधि लागतो. तोंवर त्या मुलाला सर्वांपासून जपून, अलग ठेवावें लागतें.